नागसेन सोनकांबळेनं भरलेला फॉर्म

लातूरला आमच्या क्लासचे पेपर कोण काढतं असं विचारलं तर पोरं फिजिक्सच्या, केमिस्ट्रीच्या सरांची नावं सांगतील. सर प्रश्न काढतात. पेपर काढतो नागसेन सोनकांबळे. सर पाठकोऱ्या कागदावर प्रश्न खरडून देतात. नागसेन ते टाइप करतो, आकृत्या काढतो आणि एका पेपरचे चार सेट बनवतो. प्रश्न तेच, पण क्रम वेगळा, पर्यायांचाही क्रम वेगळा, आणि चारही सेटची उत्तरतालिका वेगवेगळी. मी त्याच्या शेजारच्या टेबलावर बसतो. पोरांनी गोळे काळे केलेल्या उत्तरपत्रिका मशीनमधून काढायच्या आणि निकाल लावायचा, हे माझं काम. त्याची तालिका चुकली तर माझा निकाल चुकणार, आणि खाली जिन्यात साडेतीनशे पोरं आणि त्यांचे बाप उभे असणार. चार वर्षं मी तिथं आहे. त्याची तालिका चुकलेली मी पाहिली नव्हती.

तो माझ्याहून आठ वर्षांनी मोठा, म्हणून मी त्याला दादा म्हणतो. तो मला ‘मन्मथअप्पा’ म्हणतो. आमच्या लिंगायतांत पाळण्यातल्या पोरालाही अप्पा म्हणतात, याची त्याला फार गंमत वाटते.

नागसेन मुदखेड तालुक्यातल्या एका खेड्याचा. दहावीला तालुक्यात दुसरा आला आणि वडिलांनी त्याला लातूरला आणून सोडलं. गावातला पहिला डॉक्टर होणार होता. तीनदा मेडिकलची प्रवेशपरीक्षा दिली. तिसऱ्या वेळी अकरा मार्कांनी सीट हुकली. मग गावाकडं गेलाच नाही. एका झेरॉक्सच्या दुकानात टायपिंगला लागला आणि तिथून आमच्या क्लासला आला. आता दरवर्षी त्यानं काढलेले पेपर सोडवून पोरं डॉक्टर होतात आणि पेढे द्यायला येतात. सर केबिनमध्ये, आम्ही आतल्या खोलीत. कधीकधी पेढा आतपर्यंत पोचतो.

पेपर या वस्तूची त्याला फार जाण. एकदा मला म्हणाला, “अप्पा, ह्या बाराव्या प्रश्नाचं उत्तर क.”

“प्रश्न वाचला का तुम्ही?”

“कशाला वाचू? पर्याय बघ की. तीन बारके हायत, एक लई लांबडा हाय. सरांनी एवढं लांबडं लिहिलंय म्हंजे तेच खरं. खोटं लिहायला कुणी एवढी मेहनत घेतंय व्हय?”

उत्तर क होतं.

क्लासच्या मागच्या गल्लीत शिवम्मा म्हणून निलंग्याकडच्या एक बाई आहेत. त्यांच्या माडीवर दोन खोल्यांत नागसेनचा संसार. बायको पंचशीला, मुदखेडची. ती क्लासच्या नऊ मुलींचे डबे करते. आणि मुलगा सुगत. रविवारी चाचणी असते, मुलींना दुपारचा डबा लवकर लागतो, त्यामुळं रविवारी सुगत ऑफिसात आमच्याकडं असायचा.

तेव्हा तो पावणेदोन वर्षांचा होता. गोरापान, कुरळे केस, कुणालाही उचलून घ्यावंसं वाटेल असा. पण उचललं की अंग ताठ करायचा, म्हणून आम्ही उचलत नव्हतो. त्याला कागद लागायचे. हजेरीच्या जुन्या चिठ्ठ्या, प्रत्येकीवर एक रोल नंबर. त्या तो टेबलाखालून दारापर्यंत एका रेषेत मांडायचा. एखादी चिठ्ठी पायानं सरकली तर ती पुन्हा जागेवर ठेवेपर्यंत किंचाळायचा. आणि मांडताना आकडे म्हणायचा. मराठीत नाही, इंग्रजीत. “फोर, वन, थ्री, सेव्हन.” बघून, एकही न चुकता.

आमच्या क्लासचे मालक राजशेखर सर एका रविवारी आत आले आणि दारातच थबकले.

“नागसेन, हे कुणाचं रे?”

“माझंच, सर.”

सरांनी खिशातून गाडीची पावती काढून त्याच्यापुढं धरली. सुगतनं पावती ओढली आणि नंबर वाचला.

“आयला! वय किती ह्याचं?”

“दोन न्हाई झालं अजून.”

“मग पंधरा वर्षांनंतरच्या बॅचचं पहिलं ॲडमिशन ह्याचं. फी माफ. लिहून ठेव रे मन्मथ!” सर हसले. मागचे दोन-तीन शिक्षक हसले. मग सरांनी हाक मारली, “सुगत! ए सुगत! ए टॉपर!”

सुगतनं वर बघितलं नाही. सरांनी टाळ्या वाजवून पाहिल्या. तो पावती चिठ्ठ्यांच्या रेषेत शेवटी नीट बसवत होता. “बघा, कॉन्सन्ट्रेशन बघा,” असं म्हणून सर गेले. मी मोबाइलवर व्हिडिओ काढला होता, तो क्लासच्या ग्रुपवर टाकला. नागसेन दिवसभर शीळ घालत काम करत होता. इतका खूश मी त्याला तोवर पाहिला नव्हता.

लातूर असं आहे की इथं दोन वर्षांचं पोर आकडे वाचतंय म्हटल्यावर कुणाच्या मनात दुसरं काही येतच नाही. माझ्याही आलं नाही.

पंचशीलाच्या आलं होतं.

मी कधीतरी त्यांच्याकडं जेवायला जायचो. एकदा ती भाकरी थापता थापता थांबली आणि म्हणाली, “भाऊजी, तुम्हाला एक दाखवते.”

सुगत कोपऱ्यात ताटली गरगर फिरवत बसला होता. तिनं हाक मारली. “सुगत. ए सुगत. राजा माझा.” चार-पाच वेळा. तो ताटलीकडंच बघत होता. मग तिनं फळीवरची बिस्किटाची पुडी हळूच बोटानं चुरचुरवली. सुगतनं झटकन मान वळवली.

“ऐकू येतं त्याला,” ती म्हणाली. “चांगलं येतं. माझंच येत न्हाई.”

“ध्यान लागलेलं असतं त्याचं,” नागसेन म्हणाला. “हुशार पोरं असलीच असतात.”

“ध्यान लागतं, मग माझा हात कशाला लागतो त्याला?” ती माझ्याकडं वळली. “पाणी पायजे असलं की माझं मनगट धरतो, ओढत नेतो आणि माझा हात तांब्यावर ठेवतो. तोंडाकडं बघत बी न्हाई माझ्या. सांडशीनं पातेलं उतरवावं तसं माझ्या हातानं काम करून घेतो. मागं मी हाय का न्हाई, त्याला काय फिकीर न्हाई.”

शिवम्मा दारात येऊन बसल्या होत्या. “बारका हाय की अजून,” त्या म्हणाल्या. “माझा मधला साडेतीन वर्साला बोल्ला. आता गप बस म्हनलं तर बसत न्हाई मुडदा.”

सगळे हसलो. पंचशीलाही हसली आणि पुन्हा भाकरीला लागली.

पुढच्या महिन्यात ती भावाच्या मुलीच्या नामकरणाला मुदखेडला गेली आणि तिथून भावजयीला घेऊन परस्पर नांदेडच्या एका बालरोगतज्ज्ञ बाईंकडं जाऊन आली. डॉक्टरबाईंनी अर्धा तास सुगतला बघितलं. नावाला वळत नाही हे मला खटकतंय, म्हणाल्या. दोन पानांचा इंग्रजी फॉर्म दिला, वीस प्रश्न, हो किंवा नाही. नवरा-बायकोनं बसून भरा, फोटो पाठवा, मग पुढं काय करायचं ते ठरवू.

पंचशीला बारावी झालेली, पण मराठी माध्यमात. तिनं फॉर्म आणून नागसेनच्या हातात दिला. “तुमचंच काम हाय हे,” म्हणाली.

पुढचं मला त्यानं बऱ्याच महिन्यांनी सांगितलं. संध्याकाळी दोघं बसले. तो एकेक प्रश्न मराठीत सांगायचा, ती उत्तर द्यायची, तो पेन्सिलीनं खूण करायचा. आपण बोट दाखवलं तर पोर तिकडं बघतं का? न्हाई. स्वतः बोट दाखवून काही मागतं का? न्हाई. एखादी वस्तू आपल्याला दाखवायला आणतं का? न्हाई. आपण हसलो तर आपल्याकडं बघून हसतं का?

इथं ती थांबली. “एकदा हसला होता. पंखा चालू केला तेव्हा. ते धरायचं का?”

“आपल्याकडं बघून, असं विचारलंय.”

“मग न्हाई लिहा.”

दुसऱ्या दिवशी त्यानं ऑफिसात तो कागद माझ्यापुढं ठेवला. “अप्पा, ह्याची तालिका मिळंल का कुठं?”

मला दोन मिनिटं लागली. वीस प्रश्नांचं कोणतं उत्तर काळजीचं, ते सगळं दिलेलं होतं. दोनपर्यंत आले तर ठीक, आठ किंवा जास्त आले तर लगेच तपासणी. मी प्रिंट काढून दिली. त्यानं पट्टी लावून एकेक उत्तर जुळवलं, जसं आम्ही रोज जुळवतो.

“किती आले?” मी विचारलं.

“बघायलोय.”

तेरा आले होते. ते मला त्या वेळी सांगितलं नाही.

जेवणाच्या सुट्टीत तो बाहेर गेला नाही. कागदावर डाळ सांडली म्हणाला आणि फॉर्म नव्यानं टाइप करायला घेतला. त्याच मापाची चौकट, तसलीच अक्षरं, तेवढीच जागा. बघणाऱ्याला फरक कळला नसता. मग काळ्या पेनानं भरायला लागला. तालिका डाव्या बाजूला होती.

“तीन प्रश्न उलटे हायत बघ,” तो म्हणाला. “सतरा ठिकाणी हो चांगलं, तीन ठिकाणी न्हाई चांगलं. झोपेत भरणारा तिथं सापडतो. पेपर काढणारा पक्का हाय.”

भरून झाल्यावर मी वाकून पाहिलं. दोन खुणा चुकीच्या बाजूला होत्या.

“हे दोन कशाला ठेवले?”

“सगळंच बरोबर आलं तर तपासणाऱ्याला संशय येतो.”

मी हसलो. आम्ही रोज अशीच पोरं पकडतो. मला कळलं नव्हतं असं मी म्हणणार नाही. पेन्सिलीचा कागद मी पाहिला होता. मला वाटलं, बाप आहे, पोराचं त्याला जास्त माहीत असणार. आणि खरं सांगायचं तर मलाही त्या पोरानं पास व्हावंसं वाटत होतं.

पेन्सिलीचा कागद त्यानं फाडला नाही. आमच्याकडं प्रत्येक पेपरचं मूळ प्रूफ वर्षभर ठेवायचा नियम आहे, कुणी तक्रार केली तर काढून दाखवायला. हात सवयीनं गेला असेल. त्यानं तो खालच्या ड्रॉवरमध्ये सरकवला आणि नव्या कागदाचा फोटो नांदेडला पाठवून दिला. डॉक्टरबाईंचं उत्तर आलं. मार्क कमी आहेत, आत्ता घाई नाही, पण मला तो नावाला वळत नाही हे अजून खटकतंय, सहा महिन्यांनी नक्की आणून दाखवा.

घरी गेल्यावर पंचशीलानं विचारलं, “किती आले?”

“दोन.”

“दोन? मी तर लई ठिकाणी न्हाई न्हाई म्हणले.”

“त्याला निगेटिव्ह मार्किंग असतं. काही प्रश्न उलटे असतात. तुला न्हाई कळायचं ते.”

तिनं मान डोलावली. मार्कांचं त्याला कळतं, हे तिला पहिल्यापासून मान्य होतं. दुसऱ्या दिवशी नऊही डब्यांत शिरा होता. मुली डबे परत द्यायला आल्या तेव्हा त्यांनी विचारलं, काकू, काय होतं आज? ती म्हणाली, “सुगत पास झाला.”

सहा महिने झाले. नागसेन म्हणाला, दोनवाल्याला कोण कशाला परत नेतंय? आठ झाले, दहा झाले. सुगत हजारापर्यंत आकडे म्हणायला लागला. गाड्यांच्या नंबर प्लेट, विजेच्या मीटरवरचे आकडे, तेलाच्या पिशवीवरची किंमत, सगळं वाचायचा. आई म्हणत नव्हता, बाबा म्हणत नव्हता. राजशेखर सर पाहुण्यांना दाखवायला त्याला बोलवायचे. एकदा क्लासच्या कार्यक्रमात माइकची शिट्टी वाजली तर तो भिंतीवर डोकं आपटायला लागला. नागसेननं त्याला छातीशी दाबून बाहेर नेलं. आत आला तेव्हा त्याच्या हातावर दातांचे वळ होते आणि तो म्हणाला, “लई गर्दी होती.”

पंचशीला मात्र त्या विषयावर बोलायची थांबली होती. शंका घेतली म्हणून तिचं तिलाच वाईट वाटत असावं. ती आता त्याला शिकवत होती. समोर मांडी घालून बसायची, हनुवटी धरायची. इकडं बघ. माझ्याकडं बघ. आई म्हण. खाली शिवम्मांना ते रोज ऐकू यायचं.

सुगत तीन वर्षांचा झाला त्यानंतर महिन्याभरानं, एका मंगळवारी नागसेन दुपारी जेवायला घरी गेला. सुगत भिंतीला पाठ लावून आकडे म्हणत बसला होता. डाव्या गालावर चार बोटं उठली होती. पंचशीला पीठ मळत होती.

“हे काय झालं?”

“मारलं मी.”

“कशाला?”

“आई म्हण म्हणले. सकाळधरनं म्हणायले. हजार आकडे येतात आणि एक आई येत न्हाई?” ती पिठाकडंच बघत बोलत होती. “पास झालेलं पोर हाय ना हे? त्याला काही झालेलं न्हाई ना? मग मुद्दामच करायलंय. त्याला मलाच आई म्हणायचं न्हाई.”

“आजच मारलीस?”

तिनं पिठावर पाण्याचा हबका मारला. मग म्हणाली, “दिवाळीपासून.”

तो न जेवता ऑफिसात आला. खालचा ड्रॉवर उघडला. प्रूफांच्या गठ्ठ्यातून पेन्सिलीचा कागद काढला आणि टेबलावर ठेवून कितीतरी वेळ बघत राहिला. तेव्हा मला सगळं सांगितलं, एका दमात. शेवटी म्हणाला, “अप्पा, तू येतो का संगट? एकट्यानं जिना चढवत न्हाई मला.”

मी जिन्याच्या मधल्या पायरीपर्यंत गेलो. पुढं गेलो नाही. वरचं सगळं ऐकू येत होतं.

“हे काय हाय?” पंचशीला.

“तू सांगितलेलं. मागल्या वर्षीचं.”

“डॉक्टरला हेच पाठवलं होतं ना?”

“न्हाई. ते मी दुसरं भरलं होतं.”

कागदाचा आवाज आला. इंग्रजी तिला धड कळत नव्हतं, पण खुणा पेन्सिलीच्या होत्या आणि उत्तरं तिची होती.

“किती हायत ह्यात?”

“तेरा.”

“तेरा म्हंजे काय?”

“म्हंजे तवाच न्यायला पायजे होतं त्याला. तू बरोबर होतीस. त्याला येतच न्हाई ते. तो मुद्दाम न्हाई करत.”

मला वाटलं ती ओरडेल, काहीतरी फेकेल. वर फक्त सुगतचे आकडे चालू होते. सिक्स हंड्रेड फोर, सिक्स हंड्रेड फाइव्ह. मग ती अगदी हळू, त्याला माहिती विचारावी तशी म्हणाली, “मग मी कुणाला मारलं हो, एवढे दिवस?”

मी खाली उतरलो. शिवम्मा तुरीची डाळ निवडत बसल्या होत्या. काय झालं रे, म्हणाल्या. मी काही नाही म्हणालो. त्यांनी सूप बाजूला ठेवलं आणि गुडघ्यावर हात देत वर गेल्या. त्या दिवशी संध्याकाळचे डबे शिवम्मांनी केले. मुलींनी भाजी तिखट झाल्याची तक्रार केली.

दुसऱ्या दिवशी पंचशीला सुगतला घेऊन मुदखेडला गेली. पंधरा दिवस तिनं नागसेनचा फोन उचलला नाही. त्या पंधरा दिवसांत त्याची तालिका चुकली. सेट सी, सात प्रश्न. मी निकाल लावायच्या आधी दुरुस्त केली आणि कुणाला सांगितलं नाही. त्यालाही नाही.

मग एक दिवस तिचाच फोन आला. जय भीम नाही, कसे आहात नाही. “गुरुवारी अकराला नांदेडला यायचं. डॉक्टर दोघांना बोलवायल्यात.” आणि ठेवून दिला.

तो पहाटेच्या बसनं अहमदपूर, लोहा करत गेला. परत आल्यावर दोन दिवस नुसते पेपर टाइप करत होता. तिसऱ्या दिवशी चहाच्या टपरीवर बोलला.

तोच फॉर्म होता. या वेळी डॉक्टरबाई स्वतः मराठीत विचारत होत्या आणि स्वतः लिहीत होत्या. पंचशीला भिंतीवरच्या चित्रांकडं बघत बसली होती, म्हणून उत्तरं त्यालाच द्यावी लागली. न्हाई, न्हाई, न्हाई. एका प्रश्नाला तो “कधी कधी” म्हणाला. तेव्हा ती भिंतीकडं बघतच म्हणाली, “न्हाई.” डॉक्टरबाईंनी न्हाई लिहिलं.

शेवटी त्यांनी जुनी फाइल उघडली. “मागच्या वेळी दोन आले होते. कुणी भरला होता?”

“मी,” नागसेन म्हणाला.

“असं का भरलं?”

“पास व्हायला पायजे होता म्हणून.”

डॉक्टरबाईंनी चष्मा काढून पुसला. रागावल्या नाहीत. म्हणाल्या, मी अजून याला कोणतं नाव देत नाही, तपासण्या व्हायच्या आहेत. पण लक्षणं आहेत, आणि अशा मुलांची शिकवणी जितकी लहानपणी सुरू होईल तितकं बरं असतं. गेलं ते वर्ष मला परत आणता येणार नाही. सोमवारपासून मूल इथल्या थेरपी केंद्रात रोज पाहिजे.

पंचशीलानं तेव्हा पहिल्यांदा त्यांच्याकडं तोंड केलं. “मॅडम, मी मारलं त्याला. चार महिने. त्यानं काही बिघडलं का त्याचं?”

“आता मारू नका.”

“आता न्हाई मारत. तवा बिघडलं का, ते सांगा.”

“घाबरला असेल,” डॉक्टरबाई म्हणाल्या. “लहान आहे. आपण करू.”

“ह्याचं उत्तर त्यांनी दिलं न्हाई, अप्पा,” नागसेन मला म्हणाला. “तिला बी कळलं दिलं न्हाई ते.” चहावर साय धरली होती. तो तसाच ठेवून उठला.

याला आता आठ महिने होत आले. पंचशीलानं नांदेडला केंद्राजवळ एक खोली घेतली आहे. सकाळी सुगतला केंद्रात नेते, दुपारी तिथल्याच एका हॉस्टेलचे डबे करते. लातूरच्या नऊ मुलींना शिवम्मा डबे देतात. राजशेखर सरांनी एकदा विचारलं, “आपला टॉपर दिसत नाही रे?” नागसेन म्हणाला, “नांदेडला असतो, सर. शिकायला.” सर म्हणाले, “आत्तापासूनच? वा!” त्यांना काही माहीत नाही. मीही ग्रुपवरचा तो व्हिडिओ गुपचूप काढून टाकला, पण तो तोवर कुठं कुठं गेला असेल.

नागसेन शनिवारी दुपारच्या बसनं जातो आणि रविवारी संध्याकाळी परत येतो. रविवारची चाचणी आता मी एकटा सांभाळतो. पंचशीला त्याच्याशी बोलते, पण सुगतपुरतंच. काय खाल्लं, किती झोपला, केंद्रातल्या ताईंनी या आठवड्यात काय करायला सांगितलंय. त्याला जेवायला वाढते. एकदाच आपणहून म्हणाली, “तुमचं मी सोडून देईन बी कधी. तुम्हाला ते पास व्हायला पायजे होतं. मला त्यानं आई म्हणायला पायजे होतं. तुम्ही कागदावर केलं, मी त्याच्या गालावर केलं. माझं मी कुठं सोडू?” ती भांडी घासायला गेली.

केंद्रातल्या ताईंनी शिकवलेले खेळ असतात. साबणाचे फुगे उडवायचे आणि मध्येच थांबायचं. सुगतनं वर बघितलं की पुढचा फुगा. नाही बघितलं तर थांबून राहायचं. त्याची हनुवटी धरायची नाही, त्याच्याऐवजी आपण काही करायचं नाही. नागसेन शनिवारी संध्याकाळी फुग्यांची बाटली घेऊन त्याच्यासमोर बसतो. कधी एक फुगा उडतो, कधी दोन. बाकी सगळा वेळ नुसतं बसणं. पंचशीला गॅसपाशी उभी राहून विचारते, “बघितलं का?” तो म्हणतो, “न्हाई.” ती बरं म्हणते आणि कामाला लागते. ‘आई’ या शब्दाबद्दल त्या दोघांत कुणी काही विचारत नाही. तो शब्द सुगतच्या तोंडून अजून आलेला नाही.

मागच्या सोमवारी नागसेन कामावर आला, कॉम्प्युटर लावला आणि पेपर उघडून नुसता बसला. मी काय झालं विचारलं.

“काही न्हाई. काल पहिल्यांदा ती त्याला घेऊन बसस्टँडवर आली होती, मला सोडायला.”

“मग चांगलं झालं की.”

“हाव.” त्यानं माउस बाजूला सारला. “मी खिडकीतून म्हणलं, सुगत, येतो रे. तो बसच्या नंबरकडं बघत होता. बाजूच्या सीटवरच्या म्हाताऱ्यानं बघितलं. तिला म्हणाला, अगं पोरी, बाप चाललाय, पोराला हात हलवायला लाव की. सगळ्या आया लावतात ना तसं, मनगट धरून. तिच्या हातात त्याचा हात होताच.”

“मग?”

“तिनं न्हाई हलवला.”

बाहेर पहिल्या तासाची घंटा झाली. पोरं जिन्यावरून वर पळायला लागली.

“आणि तुम्ही?” मी विचारलं.

“मी माझा हलवला,” नागसेन म्हणाला. “बस वळेपर्यंत.”